ताटातला आशिया

पाठाविषयी : चांगले खाणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपल्याच गावातल्या गल्ल्या, बाजार आणि नाके डोळस नजरेने पाहिले, तर दूरदूरचे देश आपल्या ताटात सापडतात. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर या गावात असा शोध कसा घ्यावा, ते या पाठात सांगितले आहे.

मुलांनो, मधल्या सुट्टीत डबा उघडताना तुम्हांला कधी संकोच वाटला आहे का? वर्गात एखादा मुलगा असा असतो, जो डब्याचे झाकण अर्धेच उघडतो. त्याच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा असतो. त्याला वाटते, आपले जेवण गावंढळ आहे. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या डब्यात दालचा-भात असतो. तिला वाटते, याचा वास वेगळा येतो, मैत्रिणी नाक मुरडतील. दोघेही खाली मान घालून घाईघाईने जेवतात. जेवण मात्र दोघांचेही चवदार असते!

असा संकोच घालवण्याचा एक सोपा उपाय आहे. सुट्टीच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाबरोबर आपल्याच गावात खाण्याच्या शोधात निघावे. खिशात थोडे पैसे आणि हातात एक वही असावी. फार खायचे नाही, थोडे थोडे चाखायचे. पण विचारायचे मात्र भरपूर. हा पदार्थ कोणी केला? कसा केला? याचे नाव कोठून आले? चला, आज आपण असेच फिरू या.

आपण इस्लामपुरात फिरणार आहोत. हे वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. त्याला उरुण-इस्लामपूर असेही म्हणतात. २०२५ मध्ये शासनाने या गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला. या पाठात आपण ओळखीचे जुने नावच वापरू. हा कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या काठचा, उसाच्या शेतांचा प्रदेश आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरचा पेठ नाका येथून जवळच आहे.

सकाळी पहिला मुक्काम बसस्थानकाजवळ करा. येथे एस. टी.चे चालक, वाहक, हमाल, शेतकरी, विद्यार्थी असे सगळे चहासाठी थांबतात. चहावाल्याकडे गर्दी असली, तर समजावे की त्याचे दूध ताजे आहे आणि चहा पुन्हापुन्हा उकळून कडू झालेला नाही. आता कप हातात घ्या आणि त्या शब्दाकडे पाहा. मराठीत आपण ‘चहा’ म्हणतो. उर्दूत तुम्ही ‘चाय’ म्हणता. इराणमध्येही ‘चाय’ म्हणतात. चीनमध्ये याच पानांना ‘चा’ म्हणतात. चहाचे रोप चीनमधून जगभर गेले आणि त्याच्याबरोबर त्याचे नावही गेले. व्यापारी ज्या वाटेने गेले, त्या वाटेने शब्दही गेला.

त्या चहात साखर आहे. ती कोठली? बहुधा जवळच्याच एखाद्या कारखान्याची. इस्लामपूरजवळ साखराळे येथे सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याने जाताना तुम्ही पाहिले असतील. पण या साखरेची गोष्ट फार मोठी आहे. उसाच्या रसापासून साखर करण्याची कला भारतात फार प्राचीन काळी विकसित झाली. इ. स. ६४७ मध्ये चीनच्या सम्राटाने ही कला शिकून येण्यासाठी आपली माणसे मगध देशात पाठवली होती. पुढे पांढरी साखर चीनशी इतकी जोडली गेली, की उर्दू आणि हिंदीत तिचे नावच ‘चीनी’ पडले! आणि तुमचा ‘शकर’ हा शब्द? तो आणि मराठी ‘साखर’ हे सख्खे भाऊ आहेत. संस्कृतातल्या ‘शर्करा’ या शब्दापासून फारसीत ‘शकर’ झाले आणि मराठीत ‘साखर’. म्हणजे वाळव्याच्या शेतातला ऊस, चीनचे पान आणि दोन भाषांतले भाऊ-शब्द एका कपात एकत्र आले की नाही?

चहा संपला. आता बाजारपेठेत जाऊ. किराणा दुकानासमोर उभे राहा आणि दुकानदाराशी बोला. मराठी बोलण्याचा सरावही होईल.

“काका, ही हळद कोठली?”

“सांगलीची. आपल्याच जिल्ह्याची.”

“आणि हे बेदाणे?”

“तासगावकडचे. बघा की, कसे हिरवेगार आहेत!”

“थोडे मीठ पण द्या, काका.”

येथे जरा थांबा. ‘मीठ’ या शब्दाने उर्दू बोलणारा माणूस हमखास फसतो. उर्दूत ‘मीठा’ म्हणजे गोड, पण मराठीत ‘मीठ’ म्हणजे नमक. नव्याने मराठी शिकणाऱ्या एखाद्याने चहात घालायला ‘मीठ’ मागितले, तर काय होईल, याचा विचार करा! ‘शिरा’ या शब्दाचेही असेच आहे. उर्दूत ‘शीरा’ म्हणजे पाक. मराठीत ‘शिरा’ म्हणजे रव्याचा गोड पदार्थ. शब्द तोच, पण दोन घरांत दोन कामे करतो.

‘बेदाणा’ हा शब्द मात्र मराठी मुलांपेक्षा तुम्हांला लवकर कळेल. ‘बे’ म्हणजे ‘शिवाय’ आणि ‘दाना’ म्हणजे बी. ज्यात बी नाही तो बेदाणा. सांगली जिल्ह्यातील तासगाव, कवठेमहांकाळ या भागांत बिनबियांची द्राक्षे जाळीच्या मांडवात सावलीला सुकवतात. काही दिवसांनी त्यांचे बेदाणे होतात. सांगलीच्या बेदाण्याला आणि सांगलीच्या हळदीला ‘भौगोलिक मानांकन’ मिळाले आहे. अमुक एक माल अमुक प्रदेशाची खासियत आहे, असे सरकारदरबारी मान्य होणे म्हणजे भौगोलिक मानांकन. शेत सांगलीचे, घाम सांगलीच्या शेतकऱ्याचा, पण नाव फारसी. आणि हे नाव आज इतके आपले झाले आहे, की ते बाहेरचे आहे, हे शेतकऱ्यालाही जाणवत नाही.

हळदीची गोष्ट उलट्या दिशेची आहे. हळद भारतातून बाहेर गेली. आज ती इराणच्या कालवणात पडते, इंडोनेशियाच्या भातात पडते, मोरोक्कोपर्यंतच्या स्वयंपाकघरांत असते. सांगलीजवळच्या हरिपूर येथे पूर्वी जमिनीखाली खोल पेवे खणून त्यांत हळद साठवत असत. म्हणजे आपल्या भागाने केवळ घेतले नाही, पुष्कळ दिलेही.

बाजारातून पुढे गेलात, की बेकरीचा खमंग वास येईल. दिवाळी किंवा ईद जवळ आली, की पीठ, तूप आणि पिठीसाखर घेऊन बायका बेकरीत येतात आणि नानकटाई भाजून नेतात. भट्टीपुढे पत्र्याचे ट्रे रांगेत लागतात. कोणता ट्रे कोणाचा, हे ओळखण्यासाठी कोणी त्यावर चिठ्ठी ठेवते. भट्टी मात्र सगळ्यांना सारखीच आच देते. ‘नान’ म्हणजे फारसीत भाकरी किंवा रोटी. ‘खता’ हे चीनचे जुने फारसी नाव. त्यावरून ‘नानखताई’ हे नाव आले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

शेजारीच मिठाईचे दुकान असेल. कढईत जिलेबी पडत असेल, तर थोडा वेळ पाहत उभे राहा. फडक्याच्या छिद्रातून पीठ गोल गोल फिरत तेलात पडते आणि तळून झाले की पाकात बुडते. हा पदार्थ अरबी लोक ‘जलाबिया’ या नावाने ओळखतात. दहाव्या शतकात बगदादमध्ये लिहिलेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात तो आहे. तो पश्चिम आशियातून भारतात आला आणि येथे रमला. सतराव्या शतकात रघुनाथ नावाच्या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात जिलेबीलाही जागा मिळाली आहे. बगदादची मिठाई संस्कृत ग्रंथात! आज महाराष्ट्रात १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला झेंडावंदन झाले, की लोक जिलेबी घेऊनच घरी जातात. जिला आपण स्वातंत्र्यदिनाची मिठाई मानतो, ती एके काळची पाहुणी आहे.

समोशाचेही तसेच आहे. मध्य आशियात आणि इराणात त्याला ‘संबोसा’, ‘संबुसक’ अशी नावे होती. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारात होता. तेथे त्याने जो समोसा खाल्ला, त्यात खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला होता. बटाटा नव्हता! असणार कसा? बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांमुळे तो पुढे आपल्याकडे आला. मिरचीही तशीच आली. म्हणजे आज कागदात बांधून मिळणाऱ्या एका समोशात मध्य आशियाची घडी आहे, अमेरिकेचा बटाटा आहे आणि आपल्या आचाऱ्याचा हात आहे.

आता संध्याकाळ झाली. रस्त्याच्या कडेला एक लाल रंगाची गाडी उभी आहे. मोठ्या आचेवर खोल कढई, झाऱ्याचा खणखणाट आणि पाटीवर ‘चायनीज’. कॉलेजची मुले भोवती उभी आहेत. गाडीवाल्या दादांना विचारा, “दादा, ही कृती तुम्ही कोठे शिकलात?” कोणी पुण्याचे नाव सांगेल, कोणी मुंबईचे. एखादा नेपाळहून आलेला असेल. चीनहून आलेला बहुधा कोणीच नसेल.

मग चिनी खाणे येथे आले कसे? त्यासाठी आपल्याला थोडा वेळ कोलकात्याला जावे लागेल. अठराव्या शतकाच्या शेवटी अछ्यू नावाचा एक चिनी माणूस बंगालमध्ये उतरला. त्याने काय केले असेल? त्याने ऊस लावला आणि साखरेचा कारखाना काढला! त्याच्या नावावरून त्या जागेला आजही अचिपूर म्हणतात. त्याच्यानंतर पुष्कळ चिनी लोक आले. कोणी सुतार झाले, कोणी चामड्याचा उद्योग केला, कोणी खानावळी काढल्या. गिऱ्हाईक भारतीय होते. त्यांना तिखट हवे, आले-लसूण हवे, रस्सा हवा. आचाऱ्यांनी तसे पदार्थ केले.

‘मंचुरियन’ हा पदार्थ तुम्हांला ठाऊक असेल. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा प्रदेश आहे. पण तेथे जाऊन तुम्ही मंचुरियन मागितले, तर मिळणार नाही. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईत हा पदार्थ पहिल्यांदा केला, असे सांगितले जाते. त्यांनी आपल्याकडच्या भाजीप्रमाणे आले, लसूण आणि हिरवी मिरची घेतली, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. म्हणजे मंचुरियन चिनी कमी आणि मुंबईकर जास्त आहे!

पाटीवरचा ‘शेजवान’ हा शब्द चीनच्या सिचुआन प्रांतावरून आला. तेथल्या खऱ्या स्वयंपाकात एक छोटे वाळलेले फळ घालतात. ते खाल्ले, की जिभेला मुंग्या आल्यासारखे वाटते. गाडीवरच्या शेजवान चटणीत बहुधा ते नसते. पण तुमच्या आजीच्या मसाल्याच्या डब्यात त्याचे भावंड असू शकते. कोकणात माशांच्या कालवणात आणि आपल्याकडे काही घरांच्या मसाल्यात तिरफळ घालतात ना? सिचुआनचे ते फळ आणि आपले तिरफळ एकाच कुळातले आहेत.

मोठ्या शहरात असा शोध आणखी रंगतो. तुम्ही कधी मुंबईला गेलात, तर एकेका वस्तीची चव वेगळी असल्याचे दिसेल. धोबी तलाव भागात ‘कयानी’ हे इराणी हॉटेल १९०४ पासून आहे. इराणमधील यज्द, किरमान या भागांतून आलेल्या लोकांनी अशी हॉटेले काढली. कडक ब्रुन पाव, लोणी आणि दुधाळ चहा ही त्यांची ओळख. बेलार्ड इस्टेट भागातल्या ‘ब्रिटानिया’त इराणी पद्धतीचा आंबटगोड फळे घातलेला पुलाव मिळतो. रमजानमध्ये मोहम्मद अली मार्गावर मिनारा मशिदीजवळ रात्रभर कबाब, मालपुवा आणि फिरनीची दुकाने गजबजलेली असतात. माझगावात चिनी लोकांचे एक छोटेसे देऊळ आहे. एकेका वस्तीत राहणारी माणसे कळली, की तेथले चांगले खाणे कोठे मिळेल, हे आपोआप कळते.

पण मुंबई दूर आहे. रात्र होत आली आहे आणि आपल्याला भूक लागली आहे. पुन्हा इस्लामपूरला येऊ. आता आपण येथला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ मागवू. तो म्हणजे अख्खा मसूर.

या परिसरातल्या ढाब्यांनी या साध्या कडधान्याला नाव मिळवून दिले. आज पुण्याकडच्या हॉटेलांच्या पाट्यांवरही तुम्हांला ‘अख्खा मसूर’ दिसेल. मसूर न भरडता, अख्खाच मऊ शिजवायचा. कांदा तेलात लालसर परतायचा. त्यात आले-लसूण, हळद आणि तिखट मसाला घालायचा. वर तेलाचा तवंग आणि कोथिंबीर. सोबत तंदुरी रोटी, कच्चा कांदा आणि लिंबू. हे खाणे महाग नाही. ट्रकचालकही खातो आणि मोटारीतून आलेले कुटुंबही खाते.

आता ताट नीट पाहा. हे आपले खास गावचे जेवण आहे ना? मसुराची शेती सर्वांत आधी पश्चिम आशियात सुरू झाली. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनाही तो ठाऊक होता. रोटीचा गहूसुद्धा पश्चिम आशियातलाच. तंदूर हा शब्द फारसी ‘तनूर’वरून आला. कांदा आणि लसूण मध्य आशियातले. हळद आपली. मिरची अमेरिकेतली. हे सगळे एकत्र आणून त्याला चव देणारा हात मात्र वाळवा तालुक्यातला. त्या हाताशिवाय हे सगळे नुसते किराणा सामान आहे. म्हणून अख्खा मसूर इस्लामपूरचाच. पदार्थ कोठून आला, यावरून तो आपला ठरत नाही. तो कोणी प्रेमाने रांधला आणि कोणी आवडीने खाल्ला, यावरून तो आपला ठरतो.

आता शोधाच्या काही खुणाही लिहून ठेवा. जेथे कष्टकरी माणसे रोज जेवतात, तेथे अन्न बहुधा ताजे असते, कारण ते शिल्लक राहत नाही. जेथे पन्नास पदार्थांची यादी असते, त्यापेक्षा जेथे दोनच पदार्थ करतात, तेथे ते दोन चांगले असतात. कढईतले तेल काळे पडले असेल, अन्नावर झाकण नसेल, ताटे एकाच बादलीतल्या घाण पाण्यात बुडवली जात असतील, तर कितीही वास सुटला तरी पुढे चला. पदार्थ शाकाहारी आहे की मांसाहारी, हलाल आहे की नाही, कोणत्या तेलात तळला आहे, हे खाण्यापूर्वी विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आणि आपला मित्र एखादा पदार्थ खात नसेल, तर त्याला आग्रह करू नये, त्याची थट्टाही करू नये. कोणी काय खावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. निघताना आचाऱ्याला “मावशी, जेवण छान झाले होते” किंवा “चाचा, मजा आली” असे सांगायला विसरू नका. दिवसभर आचेपुढे उभे राहणाऱ्या माणसाला पैशांइतकीच या शब्दांचीही गरज असते.

आपला फेरफटका संपला. उद्या पुन्हा शाळा आहे. मधल्या सुट्टीत झाकण अर्धे उघडणारा तो मुलगा आठवतो ना? त्याच्या डब्यातली ज्वारीची भाकरीही प्रवासी आहे, बरे का! ज्वारीची शेती पहिल्यांदा आफ्रिकेत झाली. हजारो वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि मग महाराष्ट्राची भाकरी झाली. आणि त्या मुलीचा दालचा? त्यात डाळ, चिंच आणि मसाला आहे. फारसी, अरबी आणि दक्षिणी चवी त्यात एकत्र नांदतात. म्हणजे परका डबा कोणाचाच नाही आणि नुसता स्वतःचाही कोणाचा नाही.

तेव्हा उद्या तुम्हीच पुढे व्हा. आपला डबा पूर्ण उघडा आणि मध्ये ठेवा. शेजारच्याला विचारा, “तुझ्या डब्यात काय आहे? मला सांगशील का, तुझी आई ते कसे करते?” त्या एका प्रश्नाने दुसऱ्या डब्याचे झाकणही पूर्ण उघडेल.

शब्दार्थ

संकोच – लाज वाटणे, मन मागे घेणे
गावंढळ – खेडवळ, अडाणी पद्धतीचे
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे
डोळस – नीट पाहणारा
हमखास – नक्की
पेव – धान्य किंवा हळद साठवण्यासाठी जमिनीत केलेला खड्डा
आच – जाळाची उष्णता
पाक – साखर पाण्यात उकळून केलेला गोड रस
आचारी – स्वयंपाक करणारा माणूस
कडधान्य – मसूर, मूग, मटकी यांसारखे धान्य
तवंग – पातळ पदार्थावर तरंगणारा तेलाचा थर
रांधणे – शिजवणे, स्वयंपाक करणे
नांदणे – एकत्र सुखाने राहणे

स्वाध्याय

१. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण कोणते?
(आ) ‘बेदाणा’ या शब्दाचा अर्थ काय?
(इ) हळद साठवण्याची पेवे कोठे होती?
(ई) इब्न बतूताने खाल्लेल्या समोशात कोणते जिन्नस होते?
(उ) ‘शेजवान’ हा शब्द कोणत्या प्रांताच्या नावावरून आला?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चहाच्या एका कपात कोणकोणत्या गोष्टी एकत्र आल्या आहेत?
(आ) मंचुरियन हा पदार्थ ‘चिनी कमी आणि मुंबईकर जास्त’ आहे, असे लेखक का म्हणतो?
(इ) अन्न ताजे आणि स्वच्छ आहे, हे कोणत्या खुणांवरून ओळखावे?

३. कारणे लिहा.
(अ) ‘मीठ’ या शब्दाने उर्दू बोलणारा माणूस फसतो, कारण ...
(आ) अख्खा मसूर इस्लामपूरचाच आहे, कारण ...
(इ) ‘परका डबा कोणाचाच नाही’, कारण ...

४. खालील शब्द उर्दूत आणि मराठीत कोणत्या अर्थाने वापरतात, ते लिहा.
मीठ/मीठा, शिरा/शीरा, शकर/साखर

५. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
नाक मुरडणे, आग्रह करणे, नाव मिळवून देणे

६. उपक्रम : तुमच्या घरातल्या एका पदार्थाची कृती आईला, आजीला किंवा चाचींना विचारा व ती मराठीत दहा वाक्यांत लिहा. त्यातील प्रत्येक जिन्नस कोठून आला असावा, याची वर्गात चर्चा करा.